आकडे उजळविणाऱ्या काचनळ्या : निक्सी आणि डेकाट्रॉन

काचेच्या लहानशा नळीत नारिंगी प्रकाशाने उजळलेला अंक दाखविणारी निक्सी नळी आणि प्रकाशाचा एक ठिपका वर्तुळात फिरवून मोजदाद करणारी डेकाट्रॉन नळी ही विसाव्या शतकाच्या मध्यावर विकसित झालेली दोन वैशिष्ट्यपूर्ण इलेक्ट्रॉनिक साधने होत. १९५० ते १९७० या दोन दशकांत प्रयोगशाळांतील मापनयंत्रे, अणुसंशोधनातील गणकयंत्रे आणि सुरुवातीची इलेक्ट्रॉनिक आकडेमोड यंत्रे यांत या नळ्यांचा वापर होत असे. पुढे एलईडी आणि द्रवस्फटिक पटल यांचा प्रसार झाला व नळ्यांचे कारखाने एकामागून एक बंद पडले. त्यांच्यासोबत त्या तयार करण्याचे कौशल्यही जवळजवळ नाहीसे झाले. तथापि, गेल्या काही वर्षांत या नळ्यांविषयीचे कुतूहल पुन्हा जागृत झाले असून जुनी यंत्रे दुरुस्त करण्याचे आणि नव्या नळ्या तयार करण्याचेही प्रयत्न यशस्वी झाले आहेत. या नळ्यांचे कार्य कसे चालते आणि त्यांचे महत्त्व काय, याचा हा आढावा.

मूळ अडचण : मोजलेले वाचावे कसे?

वाहनाचे अंतर किंवा विजेचा वापर दाखविणाऱ्या जुन्या मीटरमध्ये अंक कोरलेली चाके असतात. एक चाक पूर्ण फिरले की शेजारचे चाक एका अंकाने पुढे सरकते. ही यांत्रिक पद्धत विश्वासार्ह असली तरी तिचा वेग मर्यादित आहे. किरणोत्सर्गी पदार्थातून बाहेर पडणाऱ्या कणांची मोजणी करण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा ही मर्यादा प्रकर्षाने जाणवली. कण एका पाठोपाठ एक इतक्या जलद येत, की यांत्रिक मोजणीयंत्राला त्यांची नोंद घेणे शक्य होत नसे.

केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ विन-विल्यम्स यांनी १९३२ च्या सुमारास थायरेट्रॉन नळ्या वापरून यावर उपाय शोधला. त्यांच्या मंडलातील प्रत्येक टप्पा येणाऱ्या विद्युत स्पंदांची संख्या निम्मी करीत असे. चार टप्प्यांनंतर सोळा स्पंदांमागे एकच स्पंद यांत्रिक मोजणीयंत्राकडे जाई. वेगाचा प्रश्न सुटला, मात्र वाचनाचा प्रश्न उभा राहिला. कोणता टप्पा चालू आहे हे पाहून १, २, ४, ८ अशा किमतींची बेरीज निरीक्षकाला स्वतः करावी लागे. लांबलचक प्रयोगात अशा बेरजा करताना चूक होण्याची शक्यता मोठी होती. यंत्राने मोजलेली संख्या माणसाला सरळ दशमान आकड्यांत दिसावी, ही गरज त्यातून पुढे आली. काही यंत्रांत प्रत्येक स्थानासाठी ० ते ९ असे दहा दिवे एकावर एक बसविण्यात येत. पुढे विकसित झालेल्या डेकाट्रॉन आणि निक्सी या दोन्ही नळ्या याच गरजेची उत्तरे होत.

टेस्टरमधील निऑन

या नळ्यांमागील तत्त्व समजून घेण्यासाठी आपल्या घरातील विजेचा टेस्टर हे उत्तम उदाहरण आहे. सॉकेटमध्ये वीज आहे की नाही हे पाहताना टेस्टरच्या मुठीत जो नारिंगी दिवा लुकलुकतो, तो निऑन वायूचा दिवा होय. त्याच्या इवल्याशा काचेत धातूच्या दोन काड्या आणि अत्यंत कमी दाबाचा निऑन वायू असतो. तापून प्रकाश देणारी तार त्यात नसते.

निऑनचा शोध १८९८ मध्ये विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी लंडन येथे लावला. हा वायू सामान्यतः विजेचा दुर्वाहक असतो. मात्र दोन काड्यांमधील विद्युतदाब पुरेसा वाढला, की वायूत आधीपासून असलेले मोजके मुक्त इलेक्ट्रॉन वेगाने धन काडीकडे धावू लागतात. वाटेत ते निऑनच्या अणूंवर आदळतात. काही अणूंतून आणखी इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि ते अणू धनभारित आयन बनतात. हे आयन ऋण काडीकडे ओढले जातात आणि तिच्यावर आदळून नवे इलेक्ट्रॉन मोकळे करतात. अशी साखळी सुरू झाली, की वायूतून विद्युतप्रवाह वाहू लागतो. या क्रियेला विद्युत विसर्जन असे म्हणतात. ज्या अणूंना धडकेतून केवळ जादा ऊर्जा मिळते, ते ती ऊर्जा नारिंगी-तांबड्या प्रकाशाच्या रूपाने परत करतात.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. डोळ्यांना दिसणारा हा प्रकाश ऋण काडीभोवतीच्या पातळ थरात पसरतो. घरातील वीज प्रत्यावर्ती असल्याने टेस्टरमधील दोन्ही काड्या आळीपाळीने उजळतात आणि दोन्ही एकाच वेळी पेटल्यासारख्या वाटतात. तोच दिवा एकदिश विजेवर लावल्यास फक्त ऋण काडी उजळते. काडीला जो आकार द्यावा, तोच आकार प्रकाशाला येतो. निक्सी नळीची सारी कल्पना या एका गुणधर्मावर उभी आहे.

निक्सी नळीची रचना

अमेरिकेतील हेडू ब्रदर्स या नळ्या तयार करणाऱ्या लहान कंपनीने अशी अंकदर्शक नळी विकसित केली. बरोज कॉर्पोरेशनने ही कंपनी विकत घेतली आणि १९५५ मध्ये 'निक्सी' या नावाने नळी बाजारात आणली. 'प्रायोगिक अंकदर्शक क्रमांक १' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या संक्षेपातून हे नाव तयार झाल्याचे सांगितले जाते. निक्सी हे बरोजचे व्यापारी नाव असले, तरी पुढे या प्रकारच्या सर्वच नळ्या त्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

या नळीत धातूच्या पातळ पत्र्यातून घडविलेले ० ते ९ असे दहा अंक एकामागे एक, परस्परांना स्पर्श न करता बसविलेले असतात. प्रत्येक अंक हे स्वतंत्र ऋणाग्र, म्हणजेच कॅथोड असते. त्यांच्यासमोर बारीक जाळीचे एक सामाईक धनाग्र, म्हणजेच ॲनोड असते. जाळी इतकी विरळ असते, की तिच्यातून अंक विनासायास वाचता येतो. आत मुख्यतः निऑन वायू असतो. त्यात अल्प प्रमाणात आरगॉन मिसळल्यास विसर्जन कमी दाबाला सुरू होते. या परिणामाला डच शास्त्रज्ञ फ्रान्स पेनिंग यांचे नाव देण्यात आले आहे.

अंकांची मांडणी नेहमी क्रमाने नसते. मागचा अंक पुढच्या अंकांमुळे कमीत कमी झाकला जावा, अशा रीतीने त्यांचा क्रम ठरविण्यात येतो. त्यामुळे अंक बदलला, की प्रकाश किंचित पुढे किंवा मागे सरकल्याचा भास होतो. सोव्हिएत संघात तयार झालेल्या आयएन-१२ या नळीत तर इंग्रजी २ चाच आकार पालथा घालून ५ म्हणून बसविलेला आढळतो. चिकित्सक संग्राहक त्यावरून ही नळी ओळखतात.

निक्सी नळीला 'निर्वात नळी' म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो काटेकोर नाही. जुन्या रेडिओतील व्हॉल्व्हमध्ये निर्वात पोकळी आणि तापणारी तार असते. निक्सीत वायू असतो आणि तिचे ऋणाग्र तापवावे लागत नाही. त्यामुळे ही नळी शीत ऋणाग्र नळ्यांच्या वर्गात मोडते.

अंक कसा उजळतो?

नळी पेटविण्यासाठी साधारणतः १७० व्होल्ट इतका एकदिश विद्युतदाब लागतो. विसर्जन सुरू झाल्यावर मात्र ते टिकविण्यासाठी त्याहून कमी दाब पुरतो. अशा वेळी प्रवाहाला आवर घातला नाही, तर तो वाढत जाऊन नळी निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून धनाग्राच्या वाटेवर एक रोधक जोडण्यात येतो. सामान्य आकाराच्या नळीला काही मिलिॲम्पिअर एवढाच प्रवाह लागतो.

जो अंक दाखवायचा, त्याचे ऋणाग्र मंडलाच्या ऋण बाजूला जोडले जाते आणि उरलेले नऊ अंक मोकळे ठेवले जातात. पुढील काळात या कामासाठी खास एकात्मिक मंडले निघाली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे ७४१४१ हे मंडल आणि त्याचा सोव्हिएत पर्याय के१५५आयडी१ ही त्यांपैकी प्रसिद्ध नावे होत. चार तारांवरून आलेली द्विमान संख्या ओळखून दहापैकी योग्य तो अंक उजळविणे, हे त्यांचे काम.

या रचनेचा एक लाभ आजही विचारात घेण्यासारखा आहे. सात रेघांनी बनलेल्या अंकपटलावर एखादी रेघ बंद पडली, तर ८ च्या जागी ६, ९ किंवा ० दिसू शकतो आणि पाहणाऱ्याला चुकीची शंकाही येत नाही. निक्सीत प्रत्येक अंक अखंड असतो. त्याचे ऋणाग्र निकामी झाले, तर तो अंक अंधारा राहतो किंवा तुटक दिसतो. बिघाड लपत नाही, तो नजरेस येतो. अचूक वाचनावर ज्यांचे काम अवलंबून असे, अशा मापनयंत्रांत ही बाब महत्त्वाची होती.

आयुष्य आणि ऱ्हास

आयनांच्या सततच्या माऱ्यामुळे ऋणाग्रातील धातूचे सूक्ष्म कण उडतात. ते काचेवर बसून तिला काळपट करतात आणि शेजारच्या अंकांवरही साचतात. सुरुवातीच्या नळ्यांचे आयुष्य त्यामुळे काही हजार तासांपुरते मर्यादित होते. पुढे वायूत अल्पसा पारा मिसळण्यात येऊ लागला. पाऱ्यामुळे ही झीज लक्षणीयरीत्या घटली आणि नळ्या कित्येक पटींनी अधिक काळ टिकू लागल्या. अशा नळीच्या प्रकाशाला कधी कधी निळसर छटा येते, ती पाऱ्यामुळेच.

जो अंक दीर्घकाळ वापरला जात नाही, त्याच्यावर इतर अंकांतून उडालेल्या धातूचा थर साचतो. नंतर तो अंक पेटविल्यास त्याचा काही भाग अंधाराच राहतो. चोवीस तासांच्या घड्याळात तासाच्या दशकस्थानी फक्त ०, १ आणि २ हेच अंक लागतात, उरलेले सात कधीच उजळत नाहीत. म्हणून आजच्या निक्सी घड्याळांत ठरावीक वेळाने, बहुधा रात्री, सर्व अंक क्रमाने पेटविण्याची सोय केलेली असते.

मोजणारी आणि दाखविणारी नळी : डेकाट्रॉन

निक्सी केवळ अंक दाखवते. मोजणीचे काम तिच्यामागील मंडल करते. डेकाट्रॉनमध्ये मात्र मोजणे, लक्षात ठेवणे आणि दाखविणे ही तिन्ही कामे एकाच नळीत होतात. ही नळी निक्सीच्याही आधीची आहे. ब्रिटनमधील नॉटिंगहॅमजवळ बीस्टन येथील एरिक्सन टेलिफोन्स या कंपनीत ती विकसित झाली. बेकन आणि पोलार्ड यांनी १९५० मध्ये तिची सविस्तर माहिती प्रसिद्ध केली.

डेकाट्रॉनच्या मध्यभागी चकतीच्या आकाराचे धनाग्र असते आणि त्याभोवती वर्तुळात तीस बारीक काड्या उभ्या असतात. त्यांपैकी दहा मुख्य ऋणाग्रे होत. प्रत्येक दोन मुख्य ऋणाग्रांच्या मध्ये दोन मार्गदर्शक काड्या असतात. सर्व पहिले मार्गदर्शक एकमेकांना जोडलेले असतात, तसेच सर्व दुसरे मार्गदर्शकही. प्रवाह असा मर्यादित केलेला असतो, की एका वेळी एकाच काडीवर प्रकाशाचा ठिपका राहावा.

आता ठिपका एका मुख्य ऋणाग्रावर आहे, अशी कल्पना करू. स्पंद आला, की पहिल्या मार्गदर्शकांना ऋण दाब दिला जातो. पेटलेल्या काडीलगतच्या वायूत आयन आधीच असल्याने शेजारची मार्गदर्शक काडी सर्वांत सहज पेटते आणि ठिपका तिच्यावर सरकतो. लगेच दुसऱ्या मार्गदर्शकांना ऋण दाब मिळतो आणि ठिपका आणखी एक घर पुढे जातो. शेवटी दोन्ही मार्गदर्शक पूर्वस्थितीत आले, की ठिपक्याला सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे पुढचे मुख्य ऋणाग्र. एका स्पंदामागे ठिपका अशा तीन पावलांनी एक अंक पुढे जातो. मार्गदर्शकांना उलट क्रमाने स्पंद दिल्यास तो मागे फिरतो. म्हणजे याच नळीने वजाबाकीही करता येते.

दहा स्पंदांनंतर ठिपका शून्यावर परत येतो. शून्याच्या ऋणाग्राची जोडणी स्वतंत्रपणे बाहेर काढलेली असते. तेथे मिळणारा स्पंद पुढच्या डेकाट्रॉनला दिला, की 'हातचा एक' शेजारच्या स्थानी जातो. नळीच्या टोकाभोवती ० ते ९ आकडे छापलेली कडी बसवली, की ठिपका कोठे आहे हे पाहून संख्या वाचता येते. स्पंद थांबले, तरी वीजपुरवठा असेपर्यंत ठिपका जागचा हलत नाही. निऑन भरलेल्या सामान्य डेकाट्रॉन सेकंदाला सुमारे ४,००० पर्यंत स्पंद मोजू शकत. अधिक वेगासाठी वेगळे वायू भरलेल्या नळ्या निघाल्या. त्यांचा प्रकाश जांभळट दिसे.

हारवेलचा संगणक

डेकाट्रॉनचा सर्वांत उल्लेखनीय वापर ब्रिटनच्या हारवेल येथील अणुऊर्जा संशोधन संस्थेत झाला. तेथील अभियंते टेड कुक-यारबरो, डिक बार्न्स आणि गर्नी थॉमस यांनी रचना केलेला संगणक १९५१ मध्ये कार्यान्वित झाला. सुमारे अडीच टन वजनाच्या या यंत्रात ८२८ डेकाट्रॉन स्मृती म्हणून वापरण्यात आल्या होत्या. कार्यक्रम आणि माहिती कागदी फितीवरून देण्यात येत असे.

या संगणकाचा वेग त्याच्या काळातही कमीच होता. एका गुणाकाराला त्याला ५ ते १० सेकंद लागत. तेथील एका गणितीने हाताच्या गणकयंत्राने त्याच्याशी बरोबरी करून पाहिल्याचा प्रसंग सांगितला जातो. अर्धा तास गणिती बरोबरीने चालला, नंतर थकून थांबला. यंत्र मात्र चालत राहिले. देखरेखीवाचून दीर्घकाळ चालत राहणे, हेच त्याचे बलस्थान होते.

१९५७ मध्ये हा संगणक वोल्व्हरहॅम्प्टन येथील तंत्र महाविद्यालयाला देण्यात आला. तेथे १९७३ पर्यंत 'विच' या नावाने त्याचा अध्यापनासाठी वापर झाला. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण असा, की संख्या कशी साठते आणि हातचा कसा पुढे जातो, हे ठिपक्यांच्या हालचालीतून डोळ्यांना दिसत असे. पुढे तो बर्मिंगहॅमच्या वस्तुसंग्रहालयात होता. ते १९९७ मध्ये बंद झाल्यावर त्याचे सुटे भाग गोदामात पडून राहिले. २००९ मध्ये ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणन संग्रहालयात त्याच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले आणि २० नोव्हेंबर २०१२ रोजी तो पुन्हा चालू करण्यात आला. मूळ स्वरूपात चालणारा जगातील सर्वांत जुना अंकीय संगणक अशी त्याची ओळख आहे.

कचेरीच्या टेबलावर

प्रयोगशाळेबाहेर या नळ्या पोहोचल्या त्या आकडेमोड यंत्रांमुळे. ब्रिटनच्या बेल पंच कंपनीने १९६१ मध्ये सादर केलेले 'अनिता' हे टेबलावर ठेवण्याजोगे पहिले संपूर्ण इलेक्ट्रॉनिक आकडेमोड यंत्र मानले जाते. त्यात शीत ऋणाग्र नळ्या आणि डेकाट्रॉन यांचा वापर करण्यात आला होता आणि उत्तर निक्सी नळ्यांवर उमटत असे. दाते आणि तरफांच्या यांत्रिक खडखडाटाची सवय असलेल्या कचेऱ्यांना हे यंत्र आवाज न करता क्षणात उत्तर देताना दिसले.

स्पर्धक आणि अस्त

या नळ्यांना पहिले मोठे आव्हान जपानमधून मिळाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे निर्वात प्रतिदीप्त पटल विकसित झाले. त्यात तापलेल्या बारीक तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन झिंक ऑक्साइडचा लेप दिलेल्या रेघांवर आदळतात आणि त्या निळसर हिरव्या रंगाने उजळतात. निक्सीच्या तुलनेत त्याला बराच कमी विद्युतदाब लागतो. शार्प कंपनीच्या १९६९ मधील क्यूटी-८डी या यंत्रात अशी पटले वापरण्यात आली. पुढे व्हीसीआर आणि ध्वनियंत्रे यांमधून हा हिरवट प्रकाश भारतीय घरांतही परिचयाचा झाला.

दुसरे आव्हान अर्धवाहकांचे होते. डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये तयार केला. दहा वर्षांत, म्हणजे १९७२ मध्ये, ह्यूलेट-पॅकार्डचे खिशात मावणारे एचपी-३५ यंत्र एलईडी अंकांसह बाजारात आले. १७० व्होल्टची नळी खिशातील बॅटरीवर चालविणे व्यवहार्य नव्हते. पाठोपाठ द्रवस्फटिक पटलांनी वीजवापर आणखी घटविला. पाश्चात्त्य देशांत १९७० च्या दशकात निक्सी मागे पडली. सोव्हिएत संघात तिचे उत्पादन त्यानंतरही बरीच वर्षे चालू राहिले. आज महाजालावरून विकल्या जाणाऱ्या जुन्या नळ्यांपैकी पुष्कळशा त्याच साठ्यातील आहेत.

हरवलेले कौशल्य

हा साठा मर्यादित आहे आणि नळी एकदा निकामी झाली, की ती दुरुस्त करता येत नाही. कारखाने बंद पडल्यावर नवी नळी बनविणे किती कठीण असते, हे चेक प्रजासत्ताकातील दालिबोर फार्नी यांच्या प्रयत्नांतून स्पष्ट झाले. त्यांनी २०१० च्या दशकात निक्सी नळ्या नव्याने तयार करण्याचे काम हाती घेतले. नळीचे तत्त्व पुस्तकांतून मिळते. मात्र काचेतून धातूची तार हवाबंद कशी बाहेर काढावी, आतील भाग किती स्वच्छ हवा, वायू भरण्यापूर्वी नळी किती तापवावी, हे बव्हंशी कारागिरांच्या हातांत असलेले ज्ञान होते. काच आणि तार तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावली नाहीत, तर काचेला सूक्ष्म तडा जातो आणि शिरलेली हवा नळी निकामी करते. अनेक चुकांतून शिकत त्यांनी हे तंत्र पुन्हा साध्य केले. त्यांच्या कार्यशाळेतील नळ्या आज घड्याळांत वापरल्या जातात.

सावधगिरी

जुन्या नळ्या हाताळणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. निक्सीचा १७० व्होल्टचा आणि डेकाट्रॉनचा त्याहूनही बराच अधिक असलेला विद्युतदाब जीवघेणा ठरू शकतो. वीज बंद केल्यानंतरही धारित्रांत भार शिल्लक राहतो. फुटलेल्या नळीत पारा असू शकतो. शिवाय अंधारातही विसर्जन खात्रीने सुरू व्हावे, यासाठी काही शीत ऋणाग्र नळ्यांत अत्यल्प किरणोत्सर्गी पदार्थ घातलेला असे. म्हणून जुनी नळी फोडून पाहण्याचा मोह टाळणेच इष्ट.

आजचा संगणक एका सेकंदात अब्जावधी क्रिया करतो. मात्र त्याच्या चिपमध्ये संख्या कोठे आहे आणि हातचा कधी पुढे गेला, हे उघड्या डोळ्यांना दिसू शकत नाही. पडद्यावर दिसते ते केवळ उत्तर. डेकाट्रॉनमध्ये ठिपका जेथे असे, तेथेच संख्या असे. मोजदाद आणि तिचे दर्शन यांत अंतर नव्हते. ब्लेचली पार्क येथील संग्रहालयात आजही ते ठिपके फिरताना पाहता येतात, आणि घरातील टेस्टर हातात घेतला, की त्याच निऑनचा प्रकाश आपल्यालाही दिसतो.